शुश्रूषा : ऐकण्याची इच्छा आणि असाध्य रुग्णाचा शब्द

१

वऱ्हाडातल्या एखाद्या घरात दीर्घ आजाराची हकीकत सांगितली जात असेल, तर ती बहुधा एका ठरावीक वाक्यापाशी येऊन थांबते. आधी अमरावतीला किंवा अकोल्याला दाखवलेले असते, मग नागपूरला नेलेले असते, ऐपत किंवा ओळख असल्यास विदर्भ एक्सप्रेसने मुंबईच्या टाटा रुग्णालयापर्यंत जाऊन आलेले असते. आणि शेवटी कोणीतरी सांगितलेले असते, 'आता करण्यासारखे काही उरलेले नाही. घरी न्या, सेवा करा.' हे वाक्य कोणत्या डॉक्टरने, कोणत्या रुग्णालयात उच्चारले हा प्रश्न गौण आहे. ते इतके सार्वत्रिक आहे, की त्याला जवळजवळ विधिवाक्याचे स्वरूप आले आहे. प्रस्तुत निबंधाचा हेतू या वाक्याची नैतिक तपासणी करणे हा आहे. वाङ्मयसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात हा विषय अस्थानी वाटण्याचा संभव आहे; परंतु प्रश्नाचा गाभा भाषेशी, कथनाशी आणि श्रोत्याशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या वाक्याची तीन वैशिष्ट्ये प्रथमदर्शनी जाणवतात. एक, ते रुग्णाला उद्देशून नसते. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो किंवा खाटेवर पडलेला असतो. वाक्य मुलाला, जावयाला किंवा भावाला उद्देशून उच्चारले जाते. ज्याच्याविषयी ते आहे तो त्यात केवळ तृतीयपुरुषी असतो, आणि 'घरी न्या' या क्रियापदाचे तो कर्म असतो. दोन, 'करण्यासारखे' या शब्दातील 'करणे' म्हणजे रोग बरा करणे, एवढाच अर्थ गृहीत धरलेला असतो. बरे करणे संपले म्हणजे करणेच संपले, असा तो युक्तिवाद आहे. तीन, लगेच पुढच्याच वाक्यात 'सेवा करा' असे म्हटलेले असते. म्हणजे करण्यासारखे काहीतरी उरलेले आहे; फक्त ते ज्ञानाच्या कक्षेतून काढून स्नेहाच्या कक्षेत, रुग्णालयातून स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत, आणि बहुतेक वेळा पुरुषाकडून स्त्रीकडे सोपवलेले आहे.

असाध्य हे विशेषण रोगाचे आहे. या वाक्यात ते नकळत माणसाचे विशेषण बनते. रोग असाध्य ठरला, की रोग्याविषयीचे कर्तव्यही संपुष्टात येते का, आणि येत नसेल तर त्या कर्तव्याचे स्वरूप काय, हा प्रस्तुत प्रश्न आहे.

२

हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने निर्माण केला, असे मानण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात साध्यासाध्यतेची जी विभागणी केलेली आहे, तिच्यात सुखाने साध्य, कष्टाने साध्य, याप्य आणि उपचारांस अपात्र असे चार प्रकार येतात. असाध्य रोगाची चिकित्सा हाती घेणाऱ्या वैद्याचे द्रव्य, विद्या आणि कीर्ती यांची हानी होते, असा इशाराही तेथेच दिलेला आहे. तो आज कठोर वाटतो. परंतु त्यामागे एक प्रामाणिकपणाही आहे. जे होणार नाही त्याची आशा विकू नये, असा त्याचा दुसरा अर्थ होतो. असाध्यतेचे निदान झाल्यावरही एकामागून एक उपचार करीत राहून शेत विकायला लावणारी आजची व्यवस्था पाहिली, म्हणजे या इशाऱ्याची ही दुसरी बाजू लक्षात येते. कर्त्या माणसाच्या आजारात कोरडवाहू जमिनीचा तुकडा जाणे ही या भागात अपवादात्मक घटना नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची संकल्पना याप्य ही आहे. जो रोग समूळ जात नाही, पण योग्य उपचार चालू असेपर्यंत माणसाला निभावून नेता येते, तो याप्य. सुश्रुताने यासाठी पडत्या घराला नीट लावलेल्या आधारस्तंभाचा दृष्टांत दिला आहे. वऱ्हाडात मातीची धाब्याची घरे ज्याने पाहिली आहेत त्याला टेकू म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. टेकूने घर नवे होत नाही. पण माणसे त्यात राहू शकतात. याप्य आणि उपचारांस अपात्र यांच्यामध्ये शास्त्राने रेषा आखली. व्यवहारात मात्र 'असाध्य' या एकाच शब्दाखाली दोन्ही प्रकार ढकलले गेले आणि टेकू लावण्याचे शास्त्र मागे पडले.

पॅलिएटिव्ह केअर ही संज्ञा मराठीत उपशामक उपचार, परिहारक सेवा अशा पर्यायांनी मांडली जाते. मूळ शब्द लॅटिनमधील पॅलियम, म्हणजे अंगावर घेण्याचे वस्त्र, यावरून आलेला आहे. मराठीत त्याला सरळ प्रतिशब्द शोधायचा तर 'पांघरूण' हा शोधावा लागेल. परंतु मराठीत पांघरूण घालण्याचे दोन अर्थ आहेत. थंडीने कुडकुडणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालतात, आणि लपवण्याजोग्या गोष्टीवरही पांघरूण घालतात. उपशामक उपचारांविषयी सामान्यतः जी शंका घेतली जाते ती या दुसऱ्या अर्थाची आहे : हे सारे मृत्यूवर घातलेले पांघरूण तर नव्हे? वेदना दडवून, गुंगी आणून, माणसाला त्याच्या अवस्थेपासून दूर ठेवण्याचा हा सभ्य प्रकार तर नव्हे? या शंकेचे निरसन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

३

वेदना आणि भाषा यांच्या संबंधाविषयी दोन विचारांचा येथे उपयोग होतो. 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' (१९५३) या ग्रंथात विटगेनस्टाइनने सुचवले, की मूल पडते, रडते. मोठी माणसे त्याला शब्द शिकवतात. वेदनेचा शब्द हा आक्रोशाच्या जागी येतो. एलेन स्कॅरी यांनी 'द बॉडी इन पेन' (१९८५) या ग्रंथात तीव्र वेदनेचे जे विवेचन केले, त्यात याच वाटेचा उलटा प्रवास आहे : वेदना भाषेला केवळ विरोध करीत नाही, ती भाषा उद्ध्वस्त करते आणि माणसाला पुन्हा शब्दपूर्व आक्रोशाकडे नेते. मूल आक्रोशाकडून शब्दाकडे येते. वेदनाग्रस्त माणूस शब्दाकडून आक्रोशाकडे परततो.

वऱ्हाडी बोलीत प्रमाण मराठीतील 'दुखत आहे' याऐवजी 'दुखून राह्यलं' अशी रचना होते. ही त्या बोलीची सर्वसाधारण अपूर्णकालवाचक रचना आहे. जेवून राह्यलो, जाऊन राह्यलो, तसेच दुखून राह्यलं. तीत काही तत्त्वज्ञान दडलेले आहे असे म्हणणे भाषाशास्त्राला धरून होणार नाही. तरीही महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडून ती ऐकताना 'राहणे' या क्रियापदाचा मूळ अर्थ जागा होतो, हे नाकारता येत नाही. वेदना येऊन जात नाही. ती राहायला आलेली असते. ती राहायला आली की घरातले बाकी सारे विषय, पेरणी, नातवाची शाळा, भावाशी झालेला अबोला, बाहेर पडतात. माणूस एकाच विषयाचा उरतो.

या भागात तंबाखू आणि खर्रा चघळण्याची सवय खोलवर रुजलेली आहे. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली तरी ती सवय गेली नाही. मुखाच्या कर्करोगाशी तिचा संबंध सर्वज्ञात आहे. हा रोग बोलण्याच्या इंद्रियावरच घाला घालतो. जबडा उघडत नाही, जीभ वळत नाही, आणि जखमेच्या दुर्गंधीमुळे ऐकणारा जवळ बसत नाही. वक्ता आणि श्रोता हे दोघेही एकाच वेळी हिरावले जातात. अशा रुग्णाच्या जखमेची स्वच्छता ही शारीरिक बाब आहे हे खरेच. पण तिच्यामुळे नातू पुन्हा खाटेजवळ येऊन बसतो, ही संवादाची पुनःस्थापना आहे.

वेदनेवर इलाज नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी पायरीपायरीने औषधे देण्याची पद्धत मांडली. तिच्या वरच्या पायरीवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आहे. ते महागडे औषध नाही. ज्या अफूपासून ते बनते तिचे कायदेशीर पीक वऱ्हाडाच्या उत्तरेस, सातपुडा ओलांडून पलीकडे माळव्यातील मंदसौर-नीमच भागात घेतले जाते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने दुरुपयोगाच्या भीतीपोटी परवान्यांचे असे जाळे निर्माण केले, की रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले, आणि डॉक्टरांची एक पिढी त्याचा वापर न शिकता तयार झाली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आवश्यक औषधांपुरती ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली. कायदा बदलला तरी भीती आणि अनभिज्ञता तेवढ्या वेगाने बदलत नाहीत.

योग्य प्रमाणात, ठरावीक वेळाने दिलेले मॉर्फिन माणसाला गुंगीत ढकलण्यासाठी नसते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस स्थापन करणाऱ्या सिसिली साँडर्स यांचे काम या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्या आधी परिचारिका होत्या, नंतर वैद्यकीय समाजसेविका झाल्या, आणि त्यानंतर डॉक्टर. मरणासन्न रुग्णांचे बोलणे ऐकून आणि टिपून त्यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली : शरीराची वेदना, मनाची वेदना, नात्यांची आणि संसाराच्या विवंचनेची वेदना, आणि जगण्याच्या अर्थाविषयीची वेदना या एकमेकींत गुंतलेल्या असतात. वेदना उफाळून येण्याची वाट न पाहता वेळेवर औषध द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. शारीरिक वेदना आटोक्यात आली, की बाकीच्या वेदनांना शब्द फुटतो.

येथे पांघरुणाविषयीच्या शंकेचे उत्तर मिळते. वेदनाशमनाने माणूस झाकला जात नाही. वेदनेने झाकलेला माणूस त्यामुळे पुन्हा दिसू लागतो. वेदनाशमन ही बोलण्याची पूर्वअट आहे. म्हणून ते नाकारणे किंवा त्याविषयी उदासीन राहणे म्हणजे माणसाला कष्टात ठेवणे एवढेच नसून त्याच्या शेवटच्या काळातील कर्तेपण, स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार, हिरावून घेणे आहे.

४

बोलण्याला श्रोता लागतो. मराठीत आजाऱ्याची काळजी घेण्याला 'शुश्रूषा' म्हणतात. संस्कृत 'श्रु' या धातूचे हे इच्छार्थक रूप असून त्याचा व्युत्पत्त्यर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. व्युत्पत्तीवरून नीतिशास्त्र उभे करता येत नाही, आणि या शब्दाचा इतिहास तर मुळीच निर्मळ नाही. स्मृतिग्रंथांनी शुश्रूषा हे शूद्राचे कर्म ठरवले. पत्नीने पतीची, शिष्याने गुरूची शुश्रूषा करावी असे सांगितले. म्हणजे ऐकणे हे कनिष्ठाचे कर्तव्य होते, आणि ऐकले जाणे हा वरिष्ठाचा अधिकार. आज्ञा ऐकण्यास तत्पर असणे असा त्या इच्छेचा अर्थ होता. आजही घरातील आजारपण सुनेने 'काढायचे' असते. 'आजारपण काढणे' हा वाक्प्रयोग आजारी माणसासाठीही वापरतात आणि त्याची उस्तवार करणाऱ्या बाईसाठीही. भाषेने दोघांनाही त्याच क्रियापदात बांधले आहे. मात्र पहिल्याविषयी हळहळ व्यक्त होते, दुसरीविषयी गृहीत धरले जाते.

म्हणून 'सेवा करा' या उपदेशाकडे केवळ भावभक्तीने पाहता येत नाही. त्यामागे श्रमविभागणी आहे, आणि ती जातीच्या व लिंगभेदाच्या जुन्या रेषांवरून चालते. उपशामक वैद्यकाचे नैतिक वेगळेपण मला येथे दिसते. ते ऐकण्याची मागणी सत्तावानाकडे करते. ज्याचे सर्वांनी निमूटपणे ऐकायचे अशी पद्धत आहे, त्या तज्ज्ञाने खुर्ची ओढून खाटेजवळ बसावे आणि रुग्णाला विचारावे, 'तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?' आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. शुश्रूषेची दिशा येथे उलटते. वरून खाली जाणाऱ्या आज्ञेच्या जागी खालून वर जाणारा शब्द येतो.

वऱ्हाडला ही उलटापालट सर्वस्वी अपरिचित नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीत तपोवनाची स्थापना केली तेव्हा कुष्ठरोगाला 'महारोग' म्हणत, आणि त्यावरील परिणामकारक औषध नुकते कोठे दृष्टिपथात येत होते. सामान्य माणसाच्या दृष्टीने तो असाध्यच होता, आणि असाध्यतेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे रोगी घरातून व गावातून हाकलला जाई; 'घरी न्या' एवढेही त्याच्या वाट्याला येत नसे. पटवर्धनांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे या माणसांना राहण्यासाठी, काम करण्यासाठी आणि एकमेकांशी बोलण्यासाठी जागा दिली. पुढे १९८१ नंतर बहुविध औषधयोजना आली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. असाध्यता ही रोगाच्या ठायी कायमची चिकटलेली नसते. ती त्या त्या काळाच्या ज्ञानाची मर्यादा असते. आणि औषध येण्यापूर्वीच्या काळात तेथे जे केले गेले, ते औषध आल्यामुळे व्यर्थ ठरत नाही. 'करण्यासारखे काही नाही' हे वाक्य तेव्हाही असत्य होते.

याच जिल्ह्यातील गाडगे महाराजांचे कीर्तनही या संदर्भात आठवते. त्यांच्या कीर्तनात वक्ताच श्रोत्यांना प्रश्न विचारी आणि उत्तरांसाठी थांबे. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आसरा घेतात. रोग बरा करणे तेथे कोणाच्याही हाती नाही. पाठ टेकायला जागा आणि पोटाला अन्न देणे हाती आहे.

५

आतापर्यंतच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. रुग्णाने बोलावे, आपली कथा सांगावी, हा आग्रह स्वतःच एक जुलूम ठरणार नाही का? गेल्या काही दशकांत आजाराच्या कथनांना वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली. आर्थर फ्रँक यांच्या 'द वुंडेड स्टोरीटेलर' (१९९५) या ग्रंथाने जखमी माणूस हाच कथनकार ठरवला. परंतु कथनाचा अधिकार आणि कथनाची सक्ती यांच्यातील अंतर फार थोडे आहे. शिवाय समाजाने रुग्णासाठी तयार कथानके शिवूनच ठेवलेली असतात. सुझन सोनटॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' (१९७८) मध्ये रोगाला चिकटलेल्या रूपकांवर हल्ला केला. मराठी वृत्तपत्रांत 'कर्करोगाशी झुंज अपयशी' हा मथळा आजही येतो. म्हणजे मेलेला माणूस हरलेला ठरतो. दुसरे कथानक प्रारब्धाचे : मागल्या जन्मीचे भोग आहेत, ते भोगून संपवावे. त्यात वेदनाशमनाची मागणीच पळपुटेपणाची ठरते. तिसरे कथानक सोशिकतेचे : बाईने हूं की चूं केले नाही, असे कौतुकाने सांगितले जाते. हूं की चूं करण्याची तिला मुभा होती का, हे कोणी विचारत नाही.

हा आक्षेप मान्य करूनच शुश्रूषेची कल्पना नेमकी करावी लागते. ऐकण्याची इच्छा म्हणजे बोलायला लावण्याची इच्छा नव्हे. चांगला श्रोता मौनही ऐकतो आणि ते आपल्या सोयीच्या कथानकाने भरून काढत नाही.

याला जोडूनच सत्यकथनाचा प्रश्न येतो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात वैद्याला सांगितले आहे, की मृत्यूची लक्षणे दिसत असली तरी न विचारता ती बोलू नयेत. विचारले तरी, ज्यामुळे रुग्णाला किंवा अन्य कोणाला आघात होईल तेथे सांगू नयेत. आपल्या कुटुंबांचा आजचा व्यवहार याच वळणाचा आहे. 'त्यांना सांगू नका, ते खचतील' असे मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर सांगतो. टॉलस्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) या कथेत नायकाला रोगाइतकाच छळ होतो तो भोवतालच्या खोटेपणाचा. सर्वांना माहीत असून सर्व जण तो केवळ आजारी असल्याचे सोंग करतात. गेरासिम नावाचा नोकर तेवढा सोंग करत नाही, आणि त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो. तेथेही उमरावाला खरी शुश्रूषा मिळते ती नोकराकडून, हे वरील श्रेणीविचाराच्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि सत्य एकदम तोंडावर फेकणे हा चरकाच्या वचनाला पर्याय नाही. त्या वचनातला 'विचारले तर' हा भाग महत्त्वाचा आहे. प्रश्न विचारण्याची संधीच न देता 'त्याने विचारले नाही' असे म्हणता येणार नाही. 'मले काय झालं हे कोनी सांगून नाही राह्यलं' असे जो माणूस भिंतीकडे तोंड करून म्हणतो, त्याने प्रश्न विचारलेला असतो. फक्त तो कोणाला उद्देशून नसतो, कारण समोर कोणी ऐकणारे नसते. रुग्णाला किती कळून घ्यायचे आहे हे रुग्णाकडूनच कळून घ्यावे, आणि त्याने विचारले तेवढे खरे सांगावे. सत्य सांगणे येथे एका क्षणाची कृती उरत नाही. ते ऐकण्याच्या दीर्घ क्रियेचा भाग होते.

मराठी गद्याच्या आरंभीच वऱ्हाडात असे एक उदाहरण सापडते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात चक्रधरांच्या पश्चात त्यांचे शिष्य राहिले. गोविंदप्रभूंचे वागणे लौकिक दृष्टीने विक्षिप्त, लहान मुलासारखे, अनाकलनीय होते. शिष्यांनी ते सुधारण्याचा यत्न केला नाही. त्यांनी त्यांची सेवा केली, त्यांचे वागणे पाहिले, बोलणे ऐकले. म्हाइंभटांनी लीळा जमवल्या त्या ज्याने त्याने जे ऐकले-पाहिले ते विचारून आणि जेथे आठवणीत भेद होता तेथे तो भेद राखून. शिष्यांच्या दृष्टीने गोविंदप्रभू हे ईश्वरावतार होते, रुग्ण नव्हते. म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण जे आपल्याला समजत नाही त्याच्याजवळही बसावे, त्याचा अर्थ घाईने लावू नये, ही वृत्ती या भूमीत परकी नाही एवढे म्हणता येते.

६

जो बोलूच शकत नाही त्याचे काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांचे प्रकरण या प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप आहे. १९७३ साली त्यांच्यावर झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांचा जीवनाधार काढून घ्यावा अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. पण फेटाळताना दोन गोष्टी केल्या. काटेकोर अटींवर निष्क्रिय दयामरणाला मार्ग मोकळा केला, आणि अरुणा यांचे निकटचे मित्र म्हणून बोलण्याचा अधिकार पुस्तक लिहिणाऱ्या लेखिकेला न देता, वर्षानुवर्षे त्यांचे अंग पुसणाऱ्या व त्यांना भरवणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला.

हा निर्णय योग्य होता की नाही यावर मतभेद आहेत आणि राहतील. समीक्षकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे ते त्यातील अर्थनिर्णयनाचे तत्त्व. मूक संहितेचा अर्थ कोणी लावायचा? न्यायालयाचे उत्तर असे, की दीर्घ सान्निध्याने ज्याला हक्क प्राप्त झाला आहे त्याने. विराणी यांच्या पुस्तकामागेही करुणा होती, यात शंका नाही. परंतु परिचारिकांना त्या शरीराच्या सूक्ष्म खुणा, कोणत्या अन्नाला ते तोंड उघडते, कोणत्या स्पर्शाला आक्रसते, हे ठाऊक होते. शब्द नसतानाही ऐकणे शक्य असते, आणि ते अंगाला हात लावणाऱ्यालाच शक्य असते. अर्थात या तत्त्वाचा धोकाही उघड आहे. सेवा करणाऱ्याला आपल्या सेवेचीच इतकी ओढ लागू शकते, की तो आपले न सोडणे हीच दुसऱ्याची इच्छा मानू लागतो. म्हणूनच माणसाने शुद्धीत असताना आपली इच्छा स्वतःच्या शब्दांत नोंदवून ठेवावी, या पद्धतीला २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि २०२३ साली तिची प्रक्रिया सोपी केली, हे स्वागतार्ह आहे.

पण यातही वेदनेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला अन्न व औषध नाकारून देह ठेवला. त्याविषयी कोणाचे काहीही मत असो, ती इच्छा विनोबांची होती, याबद्दल कोणाला शंका नव्हती. मुखाच्या कर्करोगाने तळमळणारा शेतमजूर 'मले मरू द्या' म्हणतो तेव्हा बोलतो तो माणूस की त्याची वेदना? त्याला मॉर्फिन मिळाले, जखम स्वच्छ झाली, चार रात्री झोप लागली, आणि त्यानंतरही तो तेच म्हणाला, तर ते त्याचे म्हणणे आहे. त्याआधी त्या वाक्यावर सही घेणे म्हणजे छळ करून घेतलेल्या जबाबावर विसंबणे होय. उपशामक उपचार उपलब्ध नसलेल्या समाजात दयामरणाची चर्चा ही म्हणून अपुरीच नव्हे, तर अन्यायकारक ठरते.

७

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना आश्रम उभा राहिला. १९९७ साली पुण्यात वारज्याला सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र सुरू झाले. ही मोठ्या शहरांतील केंद्रे होत. वऱ्हाडसारख्या, गावागावांत विखुरलेल्या प्रदेशाला केरळचे उदाहरण अधिक जवळचे आहे. कालिकतला १९९३ साली सुरू झालेल्या कामातून पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांची जाळी विणली गेली. त्यात परिचारिका घरी जाते, शेजारी आठवड्यातून काही तास देतात, डॉक्टर गरजेनुसार मागे उभा असतो. २००८ साली केरळ शासनाने उपशामक उपचारांचे स्वतंत्र धोरणच स्वीकारले.

मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त ग्राम-आरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. स्वतः त्यांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने झाले, आणि नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. आरोग्य ही साऱ्या गावाची जबाबदारी मानणारा ग्रंथ ज्या भागात घरोघरी आहे, तेथे दुखणेकरी माणूस एकट्या सुनेच्या गळ्यात पडावा, हे विसंगत आहे. भजनाला जमणाऱ्या मंडळाने पाळीपाळीने खाटेजवळ बसणे ही फार मोठी क्रांती नाही. तिच्यामुळे त्या बाईला दोन तास झोप मिळेल, आणि खाटेवरच्या माणसाला नवा श्रोता मिळेल. परंतु गावाने पुढे यावे असे म्हणताना डॉक्टर आणि शासन यांना मोकळीक देता येणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिन आणि ते देऊ जाणणारा माणूस नसेल, तर गावाची सेवा ही पुन्हा वेदनेपुढे हात जोडून उभी राहिलेली सेवा होईल.

अकोल्याच्या शासकीय रुग्णालयाचे लोकांच्या तोंडी बसलेले नाव 'सर्वोपचार रुग्णालय' असे आहे. नाव ठेवताना अभिप्रेत अर्थ साधा असणार. पण सर्व उपचार या शब्दात बरे न होणाऱ्या माणसावरचे उपचारही अंतर्भूत आहेत, हा त्याचा अर्थ कोणत्याही रुग्णालयाने स्वीकारण्याजोगा आहे. तो स्वीकारला, तर ज्या वाक्यापासून आपण आरंभ केला ते बदलावे लागेल. पहिला बदल व्याकरणाचा : वाक्य तृतीयपुरुषातून द्वितीयपुरुषात यावे लागेल, म्हणजे ते रुग्णाशी बोलले जावे लागेल. दुसरा बदल आशयाचा : हा आजार जाणार नाही हे सांगतानाच, तुमचे दुखणे कमी करण्यासाठी आम्ही काय करणार आहोत आणि घरी कोण येणार आहे, हेही सांगावे लागेल. तिसरा बदल सर्वांत अवघड आहे. वाक्य संपल्यावर बोलणाऱ्याने तेथेच बसून राहावे लागेल, कारण त्यानंतर बोलण्याची पाळी रुग्णाची आहे.